स्क्रिव्हनर ३: ऐतिहासिक फँटसी लिहिणाऱ्याच्या कामाचं किती?

साध्या कादंबरीला वर्ड पुरतं. एक फाइल, शेजारी एक वही, भागतं. ऐतिहासिक फँटसी लिहिणाऱ्याला मात्र दोन हिशेब एकाच वेळी सांभाळावे लागतात. एक इतिहासाचा: त्या साली अमुक शहर कोणाच्या ताब्यात होतं, पत्र पोचायला किती दिवस लागत, सैन्य दिवसाला किती अंतर तोडायचं. दुसरा आपणच रचलेल्या अद्भुताचा: जादू कोणाला येते, तिची किंमत काय, ती कुठे चालत नाही. हे दोन हिशेब एकमेकांत मिसळले की तिसऱ्या खर्ड्यात लेखकालाच आठवेनासं होतं, की हा तह खरंच झाला होता की आपणच चाळिसाव्या पानावर घडवून आणला. 'लेखकांचं सॉफ्टवेअर' म्हणून स्क्रिव्हनरचं कौतुक पुष्कळ होतं, पण या प्रकारच्या लेखनासाठी त्याची परीक्षा या एका मुद्द्यावर घ्यायला हवी.

आधी जुजबी माहिती. कीथ ब्लाउंट यांनी बनवलेलं हे सॉफ्टवेअर २००७ साली मॅकसाठी आलं. कंपनीचं नाव लिटरेचर अँड लाटे. तिसरी आवृत्ती मॅकवर २०१७ मध्ये आली, विंडोजवर यायला २०२१ उजाडलं. आयफोन-आयपॅडची आवृत्ती २०१६ ची आहे. अँड्रॉइडवर नाही. पैसे एकदाच भरायचे, दरमहा वर्गणी नाही, पण मॅक, विंडोज आणि आयओएस यांचे परवाने वेगवेगळे घ्यावे लागतात. फुकट चाचणी ३० दिवसांची आहे आणि हे दिवस वापराचे मोजले जातात. आठवड्यातून दोनदाच उघडलं तर चाचणी तीन महिने पुरते, तेवढ्यात निर्णय व्हावा.

डाव्या बाजूच्या पट्टीला बाइंडर म्हणतात. त्यात सुरुवातीपासून तीन खण असतात: ड्राफ्ट, रिसर्च आणि ट्रॅश. ड्राफ्टमध्ये फक्त मजकुराच्या फाइली आणि फोल्डर राहतात, सुटी पीडीएफ किंवा नकाशा तिथे टाकू पाहिलात तर ते घेतच नाही. रिसर्चमध्ये मात्र पीडीएफ, चित्रं, ध्वनिफिती, वेबपानं काहीही चालतं. ही सक्ती पहिल्या दिवशी जाचक वाटते. कादंबरी अर्धी झाल्यावर तिचं मोल कळतं, कारण संदर्भ आणि संहिता एकाच प्रकल्पात असूनही एकमेकांच्या पायात येत नाहीत. एडिटर, म्हणजे मधला लिहिण्याचा भाग, उभा दुभागून डावीकडे प्रसंग आणि उजवीकडे त्या काळचा शहराचा नकाशा उघडता येतो. उजवा भाग 'लॉक इन प्लेस' करून ठेवा, नाहीतर बाइंडरमध्ये दुसरीकडे क्लिक केलं की नकाशा जाऊन तिथे भलतंच प्रकरण येऊन बसतं.

वेबपानं थेट आयात करू नका. जाहिराती, पॉपअप आणि स्क्रिप्ट यांमुळे ती बऱ्याचदा मोडकी येतात. ब्राउझरमधून पीडीएफ करा आणि ती आत ओढा. स्कॅन केलेल्या जुन्या ग्रंथांच्या जाडजूड पीडीएफ मात्र प्रकल्पात भरू नयेत. प्रकल्प काही जीबींचा झाला की दर वेळी बंद करताना बॅकअप घ्यायला वेळ लागतो, आणि मग लोक वैतागून बॅकअपच बंद करतात. अशा फाइलींसाठी आयात मेनूतला मॅकवर 'एलियस' आणि विंडोजवर 'शॉर्टकट' म्हणून जोडण्याचा पर्याय वापरा. मूळ फाइल बाहेर राहते, आत फक्त दुवा येतो. या फाइली प्रकल्पाच्या बॅकअपमध्ये जात नाहीत, त्यांची सोय वेगळी करावी लागते.

आता मुख्य गोष्ट. प्रत्येक प्रसंगाला एक रंगीत लेबल देता येतं. लेबलांची मूळ यादी निरुपयोगी आहे. प्रोजेक्ट सेटिंग्जमध्ये जाऊन ती पुसा आणि तीनच लेबलं ठेवा: 'नोंदलेलं', 'वाकवलेलं', 'रचलेलं'. ज्या प्रसंगातल्या घटनेला ऐतिहासिक पुरावा आहे त्याला पहिलं. घटना खरी पण कारण, जागा किंवा वेळ आपण बदलली असेल तर दुसरं. बाकी तिसरं. मग व्ह्यू मेनूतून लेबलचा रंग बाइंडरमध्ये दिसेल असं करा. आता नुसती पट्टी पाहिली तरी कादंबरीचा तोल कळतो. एकाच रंगाची वीस प्रकरणं सलग आली तर एक तर इतिहासाचं पाठ्यपुस्तक चाललंय किंवा इतिहास नावापुरता उरलाय. 'वाकवलेलं' लेबल लावलेल्या प्रत्येक प्रसंगाच्या नोट्समध्ये एक ओळ सक्तीने लिहावी: मूळ काय होतं, काय बदललं, का बदललं. पुस्तकाच्या शेवटी 'इतिहासात काय घडलं होतं' असं टिपण जोडायचं असेल तर तोवर ते निम्मं तयार झालेलं असतं.

लेबल एका प्रसंगाला एकच लावता येतं. बाकीची माहिती कस्टम मेटाडेटात, म्हणजे आपण स्वतः आखलेल्या रकान्यांत, जाते. त्यात मजकूर, टिकमार्क, यादी आणि तारीख असे चार प्रकार आहेत. तारखेसाठी साहजिकच हात तारखेच्या प्रकाराकडे जातो, आणि ऐतिहासिक लेखक फसतो तो इथेच.

एक उदाहरण घेऊ. लंडनमधलं पात्र पॅरिसला पत्र लिहितं आणि त्यावर तारीख घालतं १० फेब्रुवारी १७००. इंग्लंडमध्ये तेव्हा जुनं जुलियन पंचांग चालू होतं आणि कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं, म्हणजे आजच्या मोजणीने ते वर्ष १७०१ आहे. फ्रान्सने ग्रेगोरियन, म्हणजे आजचं, पंचांग १५८२ मध्येच स्वीकारलं होतं. मार्च १७०० पासून दोन्हींतला फरक ११ दिवसांचा झाला. तेव्हा त्या दिवशी पॅरिसच्या पंचांगात २१ फेब्रुवारी १७०१ ही तारीख होती. पत्राला सात दिवस लागले तर ते पॅरिसमध्ये २८ फेब्रुवारी १७०१ ला पोचतं. वाचणाऱ्याच्या दृष्टीने ते वर्षभरापूर्वीचं पत्र दिसतं! स्क्रिव्हनरच्या तारखेच्या रकान्याला यातलं काही ठाऊक नसतं. दिलेली तारीख ते आजच्या पंचांगातली समजतं.

म्हणून तारखेचा प्रकार सोडून द्या आणि मजकूर प्रकाराचे दोन रकाने करा. एकात 'पात्राची तारीख', जशी ते पात्र लिहील तशी. दुसऱ्यात 'क्रमाची तारीख', सगळीकडे ग्रेगोरियन, आणि वर्ष-महिना-दिवस याच क्रमाने, महिना आणि दिवस नेहमी दोन आकडी. आउटलाइनरमध्ये, म्हणजे सगळे प्रसंग तक्त्यात दाखवणाऱ्या मांडणीत, हा दुसरा रकाना उघडून त्याच्या मथळ्यावर क्लिक केलं की सगळे प्रसंग घटनाक्रमाने लागतात. बाइंडरमधला कादंबरीचा क्रम त्यामुळे बदलत नाही. महिना एक आकडी लिहिलात तर ऑक्टोबर फेब्रुवारीच्या आधी येईल, कारण रकाना मजकुराचा आहे. आणि आकडे एकाच लिपीत ठेवा. काही प्रसंगांत देवनागरी, काहींत इंग्रजी आकडे असले तर दोन वेगळे गठ्ठे तयार होतात आणि शोधही अर्धवट लागतो.

तिसरा रकाना चंद्राचा. जादू पौर्णिमेला चालते असा नियम केला असेल तर त्या साली त्या रात्री पौर्णिमा होती का हे तपासणारा वाचक भेटतोच. आकाशदर्शनाच्या बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये १५ ऑक्टोबर १५८२ नंतरच्या तारखा ग्रेगोरियन धरल्या जातात, तेव्हा त्यांत घालायची ती 'क्रमाची तारीख'. चौथा रकाना 'जादूचा खर्च': कोणी वापरली, काय मोजलं. हा रकाना आउटलाइनरमध्ये वरपासून खालपर्यंत वाचला की पहिल्या भागात बोटभर जादूला महिनाभर आजारी पडणारी नायिका शेवटच्या लढाईत फुकटात दोन किल्ले पाडतेय हे लगेच दिसतं. असे दोष ओघात वाचताना निसटतात, रकान्यात लपत नाहीत. यापेक्षा जास्त रकाने करू नयेत. भरायचा कंटाळा येतो आणि अर्धवट भरलेला तक्ता खोटा धीर देतो.

मराठीत लिहिणाऱ्याला आणखी काही अडचणी आहेत, आणि त्या कोणत्याही इंग्रजी परीक्षणात सापडणार नाहीत.

पहिली फॉन्टची. मूळ सेटिंगमध्ये फॉन्ट रोमन लिपीचा असतो. त्यात देवनागरी टंकलं तर यंत्रणा मागच्या मागे दुसरा फॉन्ट लावते, दिसतं ठीक, पण ओळींमधलं अंतर कमीजास्त होतं आणि ठरावीक अंतर दिलं असेल तर वेलांट्या-मात्रा वरून कापल्या जातात. पहिल्याच दिवशी सेटिंग्जमधल्या एडिटिंग भागात फॉरमॅटिंग उघडून देवनागरी युनिकोड फॉन्ट नेमा, नोटो सेरिफ देवनागरी चांगला चालतो. ओळीचं अंतर 'ठरावीक' न ठेवता पटीत द्या, १.४ च्या आसपास. आधी लिहिलेल्या प्रकरणांना हा बदल आपोआप लागत नाही. ती निवडून डॉक्युमेंट्स मेनूतल्या 'कन्व्हर्ट'मधून मूळ फॉरमॅटिंग लावावं लागतं.

दुसरी शोधाची. 'ॲडमिरल' हा शब्द दोन तऱ्हांनी टंकता येतो: एक अखंड 'ॲ' घेऊन, दुसरा 'अ'वर चंद्र चढवून. पडद्यावर दोन्ही सारखेच, संगणकाला मात्र वेगळे. फोनवर एक कीबोर्ड आणि संगणकावर दुसरा वापरणाऱ्याच्या हस्तलिखितात हमखास दोन्ही असतात. परदेशी नावांनी भरलेल्या कादंबरीत हे वरचेवर घडतं. नावांची एक यादी करून ती प्रोजेक्ट बुकमार्कमध्ये ठेवा, म्हणजे कोणत्याही प्रसंगातून उजव्या बाजूच्या पट्टीत, इन्स्पेक्टरमध्ये, ती उघडता येते, आणि नाव टंकण्याऐवजी तिथून उचला.

तिसरी, आणि सगळ्यांत महागात पडणारी, 'प्रोजेक्ट रिप्लेस'. संपूर्ण प्रकल्पात एका फटक्यात शब्द बदलणारी ही आज्ञा मागे घेता येत नाही. नायिकेचं नाव 'रोज' होतं ते 'लिली' करायचं ठरवलंत तर 'दररोज'चं 'दरलिली' होतं आणि 'रोजगारा'चं काय होईल ते सांगायला नको. पूर्ण शब्द जुळवायचा पर्याय लावला तर 'रोजने', 'रोजला' सुटून जातात, कारण आपले प्रत्यय शब्दाला चिकटतात. सामान्यरूप बदलणाऱ्या शब्दांत आणखी गोंधळ. 'जादूगार'च्या जागी 'चेटकी' हवी असेल तर आधी 'जादूगारा' शोधून बदला आणि मग उरलेला 'जादूगार'. उलट केलंत तर 'जादूगाराने'मधला काना 'चेटकी'च्या शेपटाला लोंबकळत राहण्याचा धोका आहे. क्रियापदांचं लिंग तर हातानेच बदलावं लागणार, 'चेटकी आला' कोणतंही यंत्र दुरुस्त करणार नाही. एकूण सल्ला असा: रिप्लेस करण्याआधी फाइल मेनूतून 'बॅक अप टू' करून वेगळी प्रत काढा आणि नंतरच बटण दाबा.

शब्दमोजणी ठीक आहे, शब्दांमधल्या जागेवरून होते. फक्त इंग्रजी लेखकांची 'दिवसाला हजार शब्द' वगैरे उद्दिष्टं तशीच उचलू नयेत. 'लंडनच्या किल्ल्यातून' हे मराठीत दोन शब्द होतात, इंग्रजीत पाच-सहा. प्रोजेक्ट टार्गेटमध्ये तोच आकडा घातला तर आपण बरंच जास्त लिहिणार.

तळटीपा या प्रकारच्या कादंबरीत शोभेच्या नसतात. सुझॅना क्लार्क यांच्या २००४ च्या 'जोनाथन स्ट्रेंज अँड मिस्टर नॉरेल' मध्ये दीडशेहून जास्त तळटीपा आहेत आणि जादूचा अख्खा खोटा इतिहास त्यांत उभा राहतो. स्क्रिव्हनरमध्ये तळटीप आणि कॉमेंट इन्स्पेक्टरच्या एकाच पट्टीत दिसतात, रंग वेगळे. पथ्य एकच: कथेचा भाग असलेली टीप तळटीप म्हणून घाला, आणि 'हा पूल तेव्हा बांधून झाला होता का?' अशी स्वतःची शंका कॉमेंट म्हणून. अदलाबदल झाली तर शंका छापील पुस्तकाच्या तळाशी जाऊन बसते. शेवटची प्रत काढताना कंपाइलच्या, म्हणजे सगळे प्रसंग जोडून एक फाइल काढण्याच्या सोयीच्या, पर्यायांत 'कॉमेंट काढा' आणि 'ॲनोटेशन काढा' या खुणा स्वतः पाहून घ्या. डॉक्समध्ये, म्हणजे वर्डच्या फाइलीत, खऱ्या तळटीपा तयार होतात. ईपबमध्ये, म्हणजे ई-पुस्तकात, पानच नसल्यामुळे त्या शेवटी जातात, हे लक्षात ठेवून फार लांब टीपा लिहू नयेत.

कंपाइल हा स्क्रिव्हनरचा सर्वांत शक्तिमान आणि सर्वांत शिव्या खाणारा भाग. तत्त्व साधं आहे: फोल्डर म्हणजे प्रकरण, फाइल म्हणजे प्रसंग, हे 'सेक्शन टाइप' ठरवतो; तो कसा दिसावा हे 'सेक्शन लेआउट' ठरवतो. दोघांची जोडी लावली नाही तर मथळे गायब होतात किंवा प्रत्येक प्रसंगाला प्रकरणाचा मथळा लागतो. आयते साचे इंग्रजीसाठी बनवलेले आहेत आणि ते आपला फॉन्ट लादतात. कंपाइलच्या खिडकीतच फॉन्ट बदलायची सोय आहे, ती वापरा. प्रकरणाचा आपोआप येणारा क्रमांक इंग्रजी शब्दात किंवा इंग्रजी आकड्यात येतो. 'प्रकरण १' देवनागरीतच हवं असेल तर साच्याची प्रत काढून त्यातला क्रमांकाचा टॅग उडवा आणि बाइंडरमध्ये फोल्डरांना हाताने नावं द्या. पीडीएफ थेट इथून काढण्याच्या भानगडीत पडू नका. डॉक्स काढा, वर्ड किंवा लिब्रेऑफिसमध्ये जोडाक्षरं आणि ओळी नजरेखालून घाला, मग पुढे.

फाइल हरवण्याच्या तक्रारी बऱ्याच ऐकू येतात, आणि बहुतेक वेळा कारण एकच असतं. स्क्रिव्हनरचा प्रकल्प ही एक फाइल नसून फोल्डर असतो. विंडोजवर तो फोल्डरसारखाच दिसतो आणि त्यात एक 'स्क्रिव्हएक्स' फाइल असते. लोक तेवढीच पेन ड्राइव्हवर घेतात. दुसऱ्या संगणकावर बाइंडरमध्ये सगळ्या प्रकरणांची नावं दिसतात, आत अक्षर नाही. अख्खा फोल्डर झिप करून न्यायचा. मूळ जागी फोल्डर असेल तर मजकूर सुखरूप असतो, घाबरायचं कारण नाही: प्रत्येक प्रसंग आत वेगळ्या आरटीएफ फाइलीत असतो आणि वेळ आली तर वर्डमध्येही उघडतो.

फोनशी जुळवणी ड्रॉपबॉक्समार्फत होते. एका यंत्रावर प्रकल्प बंद करा, वर चढून होईपर्यंत थांबा, मग दुसरीकडे उघडा. घाई केली तर बाइंडरमध्ये 'कॉन्फ्लिक्ट्स' नावाचं फोल्डर उगवतं. क्लाउड फोल्डरला 'फक्त ऑनलाइन' ठेवण्याची जागा वाचवणारी सेटिंग इथे घातक आहे, कारण शेकडो छोट्या फाइलींपैकी काही उतरलेल्या नसताना प्रकल्प उघडला जातो. बॅकअप मुळात शेवटचे पाचच ठेवले जातात. दुपारभरात पाच वेळा उघडझाप केली की कालचा बॅकअप गेला. संख्या २५ करा, झिप करायला सांगा आणि जागा प्रकल्पापेक्षा वेगळ्या डिस्कवर द्या. याशिवाय एखादा प्रसंग नव्याने लिहिण्याआधी त्याचा स्नॅपशॉट, म्हणजे आहे तशी प्रत, घ्यायची सवय लावून घ्या: मॅकवर कमांड आणि ५, विंडोजवर कंट्रोल आणि ५. जुनी-नवी प्रत शेजारी ठेवून फरक दाखवतं आणि हवं तर मागे नेतं.

जे जमत नाही तेही सांगायला हवं. काळाचा हिशेब स्क्रिव्हनर स्वतः करत नाही. पात्राचं वय, दोन घटनांमधलं अंतर, एकाच वेळी दोन ठिकाणी असलेला सरदार, यांतलं काही ते पकडणार नाही. त्यासाठी एऑन टाइमलाइन हे वेगळं सॉफ्टवेअर घेतात, त्याची स्क्रिव्हनरशी जुळवणी होते आणि प्रत्येक घटनेच्या वेळी पात्राचं वय किती ते दिसतं. दोन पिढ्यांच्या आत संपणाऱ्या कथेला त्याची गरज नाही, वरचे दोन रकाने पुरतात. ज्यांना टिपणांचं एकमेकांत गुंतलेलं जाळं विणायला आवडतं त्यांना संशोधनासाठी ऑब्सिडियन हे टिपणांचं सॉफ्टवेअर अधिक मोकळं वाटेल. पण तिथून तीनशे पानांची संहिता नीट बाहेर काढणं हा वेगळाच उद्योग आहे.

दोघांनी मिळून एकाच वेळी लिहायचं असेल तर हे घेऊच नका. संपादकाबरोबरच्या कामातही मर्यादा आहे. संपादक वर्डमध्ये 'ट्रॅक चेंजेस' लावून फाइल परत पाठवतो, आणि ते बदल स्क्रिव्हनरमध्ये तसे उतरत नाहीत; एकेक हाताने घालावे लागतात. म्हणून संपादकाकडे पहिली प्रत जाईल त्या दिवशी मूळ प्रत वर्डची हे जाहीर करून टाकावं आणि स्क्रिव्हनरमधल्या संहितेला हात लावणं थांबवावं. प्रकल्प मात्र पुसू नका. संपादक समासात 'हे खरंच झालं होतं का?' असं विचारतो तेव्हा उत्तर त्या प्रसंगाच्या लेबलात, नोट्समध्ये आणि शेजारी जोडलेल्या पीडीएफमध्येच असतं.